मडक्यावरचा धागा

माय, सगळ्यात आधी टपकला तो धाग्याचा दलाल. नागपूरचे पाहुणे मूल गावाहून बैलाच्या दमणीनं येणार होते, पण त्याइच्या आधीच हा पठ्ठ्या आमच्या ओट्यावर पान चघळत बसलेला. टसर रेशमाच्या कोशातून धागा कसा निघते ते पाहुण्यांले दाखवायले त्यानं एक बाईही संगं आणली होती. पाहुणे म्हंजे नवरा-बायको, कापडाचं मोठं दुकान त्याइचं. पोरानं मले सकाळीच बजावलं होतं, "माय, हे काम भेटलं त दोन्ही माग दिवाळीपर्यंत थांबत नाई. आज तू गप राहाजो." मी गप बसली, खरंच, थोडा वेळ. आता नातीच्या वहीतलं पान फाडून तुले, गेलेल्या मायले, सारं लिहून राह्यली.

धागा काय सरळ होता माय! पाहुणीबाई नुसती बोटं फिरवत बसली. माझं ध्यान मात्र दलालाच्या बाईकडं. धागा उघड्या मांडीवर राख लावून, घासून वळतात; ती नेहमीची मांडी सोडून दुसऱ्याच मांडीवर वळत होती, अन् हात अवघडत होता. तिथंच मले तू दिसली.

मी दहा वर्षाची असेन. माझा बाप धागा उन्हात धरून पाहाते, अन् तू सरळ धागेवाल्याच्या सैपाकघरात जाते. मले म्हणते, "धागा ओट्यावर दिसते पोरी, मांडी चुलीपाशी दिसते." आधी आपलं लुगडं वर घेऊन आपली काळी पडलेली मांडी दाखवते, मग बाया आपल्या दाखवतात. सोललेल्या, लाल. बाप चिडला होता, "तू धागा घ्यायले आली का बायांचे पाय पाहायले?" तू म्हणाली, "पाय पाहूनच धागा घेते." सगळा धागा परत. मांडीऐवजी पालथ्या मडक्याच्या पाठीवर वळलेला धागा येईपर्यंत आपला माग बंद, अन् बाप अबोला धरून. त्या धाग्याले गाठी होत्या. पण पहिलं उपरणं बापानंच अंगावर घेतलं, आठवते? कोशाचंही तसंच. देठात फांदीचा तुकडा दिसला की टोपलं परत. "ऐनाच्या झाडाची फांदीच तोडली त पुढच्या साली किडा काय तुह्यं डोस्कं खाईल?" विकणारा हसत हसत कान धरायचा.

तर आज मी उठली, धागा वळणाऱ्या बाईले म्हटलं, "चाय ठेवते, बाई. आत ये." आत ती काई केल्या दाखवेना. मग मी माझं लुगडं वर घेतलं. तिनं माझ्या मांडीवरचा जुना डाग पाहिला अन् हसली, "आजी, तुमीबी?" मग दाखवलं. माय, मांडी पार सोललेली, राख लावायलेही जागा नव्हती.

"मडकं काऊन नाई घेत?"

"दलाल म्हणते, गाठी येते."

मी बाहेर येऊन म्हटलं, "हा धागा आमच्या मागावर चढत नाई." पोराचं तोंड उतरलं.

दलाल म्हणे, "आजी, धाग्यात काई खोट आहे का?"

"धाग्यात नाई. तुह्यात आहे."

पाहुणीबाईनं विचारलं काय झालं, तर तिलेही आत नेलं. बाहेर आली त नवऱ्याले म्हणाली, "आधी मडक्यावरच्या धाग्याचं एक लुगडं पाहू. गाठी असू द्या. मग कामाचं बोलू." दलाल पुटपुटला, कुंभाराले मडकी सांगतो. मी म्हटलं, "सांगजो. मी तुह्या गावाले येऊन बायांसंगं चाय पिईन." धागा वळणाऱ्या बाईले करंजाच्या तेलाची शिशी दिली. पोरगा दिवसभर मागापाशी खुडबुड करत राह्यला, अन् संध्याकाळी आपणच हसला, "आजीवर गेली तू." माय, म्हातारपणी एवढा आनंद झाला की जेवणच गेलं नाई.

पण तुले सांगते, अन् कोणाले नाई, म्हणून हे पान पिठाच्या डब्याखालीच राहणार. तू गेल्यावर एक हंगाम माग रिकामा होता, अन् असाच सरळ धागा आला होता. धागेवाल्याच्या संगं दोन बाया होत्या. त्याइच्या मांड्या कशा असतीन, मले माहीत होतं. म्हणून चाय मी ओट्यावरच दिली, अन् धागा ठेवून घेतला.

पाहुणे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेले. पाहुणीबाई म्हणे, "चाय आतच घेईन."