ऐकण्याचा परवाना

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. टाके सुकले, बरं झालं. पण रेडिओला तू हातही लावत नाहीस, असं वहिनी लिहिते. तुझी कॉल साइन, ती अक्षरं आणि आकडे, दुसऱ्या श्रोत्याला दिली म्हणून. तुमचा आवाज इतक्या वाजता स्वच्छ आला, असं तू परदेशच्या स्टेशनांना कळवायचास आणि त्यांची कार्डं त्याच नंबरावर यायची. मी म्हणायचे, आईनं ठेवलेलं नाव टाकून हा मोटारीसारखा नंबर लावून फिरतो.

तू इथं दवाखान्यात होतास, तेव्हा रेडिओचा परवाना पुढे चालू ठेवायचा अर्ज माझ्याकडे दिलास. मुदत शुक्रवारपर्यंत. चुकली की नंबर यादीतल्या पुढच्या माणसाला, हे तू दोनदा बजावलंस आणि मी दोनदा म्हटलं, कळतं रे मला. गुरुवारी परवान्याच्या कचेरीत तासभर रांगेत उभी राहिले. कारकुनानं अर्ज उलटला, तर मागे तुझी सही राहिलेली. ताई, उद्या सही घेऊन या, रांग नको, सरळ खिडकीशी या, म्हणाला. इतकं नीट बोलला, तरी मी भडकले. ऐकायला कसला आलाय परवाना, मी तर नवऱ्याचं जन्मभर फुकट ऐकते, असं म्हणून रांगेला हसवलं आणि अर्ज ओढून घेऊन निघाले. तू विचारलंस, दिलास का. मी म्हटलं, दिला. पाय दुखत होते, पुन्हा खेटा नको होता. शुक्रवारी गेलेच नाही. काय बिघडतंय, असं वाटलं.

नंबर गेला. कारकुनानं अर्ज हरवला असं तू ठरवलंस, मी गप्प. तू तक्रार केलीस, तरी गप्प. परवा तो माझ्या दारात आला. ताई, आठवून बघा, अर्ज तुम्ही परत नेला होतात, म्हणाला. शेजारणींच्या देखत मी त्याला खोटं पाडलं. तो वाद न घालता जिना उतरला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

सोमवारी त्याची चौकशी आहे. नोकरी जाईल म्हणतात. तू मला साक्षीला बोलावलं आहेस. मी येणार, आणि घडलं तेच सांगणार. चारचौघांत कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तुझा नंबर माझ्यामुळे गेला आणि तो आता परत मिळायचा नाही. माफी मागायची मला सवय नाही, पण आधी त्याची मागेन, मग तुझी. तिथं माझ्या शेजारी बसायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
ताई