कमरेचंच सांगितलं

केडगाव, मंगळवार, रात्र

आज पुन्हा खोटंच बोलून आलो. वर्षानुवर्षं टेम्पो चालवून खाली अवघड जागी कळ बसलीय. गोळ्या खाऊन झाल्या. ओटीपोटाचे आखडलेले स्नायू हाताने मोकळे करतात असं ऐकलं, म्हणून नगरला फिजिओथेरपीच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण, पण भला माणूस. त्याने आधी दार लावून घेतलं. कंबर दाबता दाबता हळूच विचारलं, "काका, लघवीला त्रास होतो का? बायकोजवळ जाताना दुखतं का? लाजू नका, असे पुष्कळ पुरुष येतात माझ्याकडे."

मी म्हणालो, "न्हाई वो, नुसती कमर हाय."

का म्हणालो असं? दार लावलेलं होतं. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. त्याने बिचाऱ्याने कंबर चोळली, शेक दिला. कळ आहे तिथंच आहे.

घरी आलो तर सुनंदा भाकरी थापत होती. "काय म्हनले डॉक्टर?"

"कमरेचंच हाय. जड उचलू नका म्हनले."

तिचा हात परातीत थांबला. "मंग इतके दिवस लांब का झोपता? मला वाटलं, माझाच वीट आला तुमाला."

तेव्हा तरी सांगायचं होतं. बायकोच ना ती! शब्द तोंडाशी आला आणि मी पाणी मागितलं. तिने तांब्या भरून दिला आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

जेवणं उरकल्यावर तिने आपलं अंथरूण उचलून लेकीच्या खोलीत नेलं. मी नुसता बघत बसलो.