काटा तपासायला पाणी नाही

बेंबळी, मंगळवार, दिवेलागण

आमच्या शेतकरी सोसायटीचा इंजिनाचा वेग मोजायचा मीटर दुरुस्त होऊन आल्यापासून विजेच्या मोटारीवर बरोबर चालतो, डिझेल इंजिनावर मात्र काटा चुकतो. आधी चुकत नव्हता. दुरुस्ती झाली की हरेक जातीच्या इंजिनावर तपासू, असं मी, सोसायटीचा मेकॅनिक, चेअरमनसाहेबांना कितीदा विनवलं. आज कुठं हो म्हणाले.

मीटर घेऊन भीमरावकाकांच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाकडे गेलो. काका म्हणाले, "कशावर तपासता? पाणीच न्हाय." पाणी उपसताना इंजिनावर भार येतो, त्याशिवाय काट्याची चूक कळत नाही. पुढच्या विहिरीही कोरड्याच. मग मी तपासतोय तरी काय?

परतताना काका इंजिन गोणपाटात बांधत होते. म्हणाले, "पुन्हा कवा सोडायचं, तुम्हीच सांगा."

मी गोणपाटाचं दुसरं टोक धरून दिलं.