नकुलच्या नावाची देणगी

एडिसन,
२२ फेब्रुवारी

लाडक्या अदूस,

मावशीचा भरपूर आशीर्वाद आणि थोडासा राग. राग फोन उचलत नाहीस म्हणून. तुझ्या वकिलाने आमच्याशी बोलायला बंदी घातली आहे हे ताईकडून कळलं, तेव्हा निम्मा ओसरला. पण मला कुणी पत्र लिहू नका म्हणून सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं तुला वाटतं का?

अर्विंगला आईच्या घरी जरा विसावली असशील. ताई सकाळ-संध्याकाळ खायला घालत असेल आणि वर उपदेशही करत असेल. खाऊन घे, उपदेश ताटाबाहेर ठेव. निवडणुकीच्या कॅम्पेनने तुला रजेवर घातलं म्हणजे काढून टाकलं नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांग. तिला एकदा सांगून कळत नाही, लहानपणापासूनची खोड आहे.

इकडे थंडी हाडात शिरली आहे. परवा ओक ट्री रोडवर डिंक आणायला गेले होते. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काकू, बातम्यांत काकांचं नाव..." आणि तिथेच अडखळल्या. मग बदाम वजनापेक्षा चांगले मूठभर जास्त घातले. माणसांना आपली कीव यायला लागली की अशी वागतात. लाडू केले खरे, पण काकांनी एकालाही हात लावला नाही. डिंकाच्या लाडवाला नाही म्हणणारे काका तू कधी पाहिलेस?

तुला त्यांची बाजू कुणी सांगितली नसणार, म्हणून मी सांगते. पाठराखण म्हणून नाही, माहिती म्हणून.

तुझ्या सिनेटरबाईंचं देणग्या जमवायचं जेवण आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये ठरलं, आणि दिवस जवळ आले तरी तुझं टार्गेट काही पुरं होईना. तू आमच्या टेबलाशी डोकं धरून बसलेली. ते काकांना बघवलं नाही. कायद्याने माणशी जास्तीत जास्त देता येतात तेवढे त्यांच्या नावाचे आणि माझ्या नावाचे आधीच देऊन झाले होते. मग त्यांनी गणपतीत करतात तेच केलं. पिस्कॅटवेच्या विद्यार्थ्यांची वर्गणी ते दरवर्षी स्वतः भरतात, पण पावती फाडायला लावतात त्या पोरांच्या नावाने. आरतीनंतर माइकवर नावं वाचली जातात, पोरं ताठ मानेने प्रसादाला बसतात आणि काका मागच्या रांगेत खुशीत असतात. तीच रीत त्यांनी तुमच्या प्रायमरीच्या निवडणुकीला लावली. आपल्या कंपनीतल्या माणसांना पैसे दिले आणि ज्याला त्याला आपापल्या नावाने देणगी द्यायला लावली. मान त्यांना, मदत तुला.

अगदीच मागच्या रांगेत राहिले नाहीत म्हणा. बाईंबरोबरचा फोटो दिवाणखान्यात मोठा करून लावला होता. आता काढलाय, खिळा तेवढा राहिला आहे.

पुढचं तुला ठाऊक आहेच. कुण्या वार्ताहर बाईने त्यांच्यातल्याच नकुलला फोन करून विचारलं, की नवीन नोकरीतल्या माणसाने एवढी देणगी कशी दिली? आपला नकुल भाबडा. तो कौतुकाने म्हणाला, "आमच्या सरांनी भरले ना, मॅडम! ही इज सो जेनेरस. मंडळातही सगळ्यांचे तेच भरतात." दुसऱ्या दिवशी ते छापून आलं आणि समोरच्या उमेदवाराने तक्रार ठोकली. हल्ली नकुल रडवेला होऊन येतो, मी त्याला चहा देते. काय चुकलं बिचाऱ्याचं? खरं बोलला.

काका दिवसभर चिडचिड करतात. "त्या समोरच्याच्या मागे अब्जाधीश आहे. वेगळी कमिटी काढून वाटेल तेवढे पैसे ओततो, ते लीगल! आणि मी चार पोरांना मान दिला तर क्राइम?" मी म्हटलं, "तो स्वतःच्या नावाने ओततो. तुम्ही दुसऱ्याची नावं वापरलीत." तेव्हापासून माझ्यापुढे त्या अब्जाधीशाचं नाव काढत नाहीत.

डिंक आणि बदाम खूप झाले. ज्यासाठी बसले आहे ते लिहिते.

शनिवारी आमचा वकील ऋषी घरी आला होता. हुशार मुलगा आहे, चपला दाराबाहेर काढतो. काकांना म्हणाला, "काका, कॅम्पेनच्याच माणसाने असं करायला सांगितलं असेल, तर दॅट चेंजेस एव्हरीथिंग. तुम्हाला रूल्स माहीत नव्हते, अदितीने सांगितलं तसं तुम्ही केलं. असं झालं होतं का?"

काका लगेच नाही म्हणाले नाहीत, अदू. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

तो गेल्यावर मला म्हणाले, "अदिती म्हणालीच होती ना, कुणाकडूनही आणा म्हणून?" मग म्हणाले, "ती तरुण आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. माझी कंपनी बुडाली तर नकुलसकट सगळे घरी बसतील." यात थोडं खरं आहे, म्हणून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला खांद्यावर बसवून मिरवणुकीत नाचलेला माणूस तुझं नाव पुढे करायला निघाला होता, आणि वर स्वतःची समजूत घालत होता.

कारण तू टेबलाशी डोकं धरून बसली होतीस, त्या सकाळी मी तिथेच होते. पोहे वाढत होते. तू सावकाश, समजावून सांगितलंस, "काका, सिटिझन नाहीतर ग्रीनकार्डवालाच देऊ शकतो. आणि ज्याने त्याने स्वतःच्या पैशातून द्यायचं हं, दुसऱ्याने दिलेले नाही चालत. प्लीज." काकांनी मान डोलावली आणि आणखी पोहे मागितले. तुझं पहिलं वाक्य त्यांनी नीट ऐकलं होतं. बघ ना, सगळे ग्रीनकार्डवालेच निवडले! दुसरं वाक्य पोह्यांबरोबर गिळून टाकलं.

हे ऐकलेलं तिसरं माणूस मीच. काल ऋषीला फोनवर सांगितलं, तर तो घाबरून म्हणाला, "काकू, बायकोवर नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नसते. यू डोन्ट हॅव टू." मी म्हटलं, "सक्ती नाही ते कळलं. बंदी आहे का?"

तर येत्या गुरुवारी मी न्यूअर्कला तपास अधिकाऱ्यांकडे जाणार आहे. मीच फोन करून वेळ मागून घेतली. तू काय म्हणाली होतीस ते शब्दाला शब्द सांगणार. काकांनी ते कशापोटी केलं, तेही सांगणार. अधिकाऱ्यांना ते पटलं तर ठीक, नाही पटलं तरी तुझं नाव यातून सुटायला हवं. हे पत्र तुझ्या वकिलाला खुशाल दाखव.

मला भीती वाटते, अदू. त्यांना काही झालं तर ते माझ्या तोंडून झालेलं असेल, आणि मला त्याच माणसासाठी रोज सकाळी चहा टाकायचा आहे. तो माणूस वाईट नाही. घाबरला आहे. तू त्याच्यावर रागाव, पण त्याला टाकू नकोस. आम्हाला मूल नाही हे आम्हाला फारसं कधी आठवलं नाही, कारण तू शनिवार-रविवारी कॉलेजातून कपड्यांचं गाठोडं घेऊन यायचीस.

काल दुपारी मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की मी जाते आहे. ते उठून आत गेले. जेवायला आले, पण ताटावरून मान वर केली नाही. आज सकाळी मात्र आपणहून विचारलं, "न्यूअर्कला जाणार कशी?"

मी म्हटलं, "ट्रेनने."

"स्टेशनपासून लांब आहे ते. बर्फात पाय घसरेल तुझा. मी सोडतो."

मला एकदम रडूच आलं, म्हणून मी भांडी घासायला घेतली. माझ्याबरोबर अधिकाऱ्यांपुढे आत येणार का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण आत्ता हे लिहितेय तर आतून हाक आली, "शरयू, माझा निळा टाय कुठे आहे? गुरुवारी लागेल." गाडीत नुसतं बसून राहायला टाय लागत नाही. मी उठले आणि टाय शोधून दिला.

तुझीही आणि त्यांचीही,
शरयूमावशी