घोडा उठला किंवा कसे, ते कळवावे

॥ श्रीराम समर्थ ॥

मौजे मोहटोला, नागभीडजवळ
कार्तिक महिना, सन १९५५

वडील बंधूंच्या ठिकाणी असलेले झिंगूभाऊ यांना लटारूचा हात जोडून रामराम. तुमचा खोकला कसा आहे? नागपूरचे नळाचे पाणी तुम्हाला मानवत नाही असे तुमच्या बहिणीचे म्हणणे आहे. (माझे म्हणणे असे की तुम्हाला विडी मानवत नाही, पण साळ्याला कोण सांगणार?) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. हलका धान कापून झाला, भारी धान उभा आहे, आणि देवाच्या दयेने घरात कोणी आजारी नाही. फक्त तुमची बहीण तुमच्यावर रागावलेली आहे, आणि ज्यासाठी दौत उघडली ती हकीकत त्या रागाशीच लागून आहे.

तुम्ही सिनेमाच्या पेट्या गावोगाव धाडणाऱ्या कचेरीत आहात, म्हणून यंदाच्या मंडईसाठी मी तुमच्याकडे एक पौराणिक खेळ मागितला होता. दिवाळीनंतरची आमची मंडईची जत्रा तुम्ही पाहिलेली आहे. दहा गावचे सोयरे जमतात, दिवसा बाजार, रात्री दंडारीचे नाटक. यंदा डोमा पाटलाने हट्ट धरला की दंडार दरसाल होते, या खेपेला पडद्यावरचा खेळ आणू. त्यातच आरमोरीचे मुखरूभाऊ त्यांच्या मुलासाठी आमच्या लेकीच्या, इंदूच्या, सोयरीकीचे बोलायला मंडईलाच येणार होते. मुलगी त्यांनी आधी पाहिलेली होती, मुलगा आपण पाहिलेला होता, दोन्हीकडे पसंत. राहिला होता तो फक्त त्यांचा शब्द. मुखरूभाऊ म्हणजे माणूस सोन्याचा, पण ताठ. शब्द देतील तो आपल्या घडीला. खेळ पाहीन, जेवीन आणि मग बोलीन, असा त्यांचा निरोप होता. म्हणून म्हटले, देवाधर्माचा खेळ असावा, चार गाणी असावीत, पाहुणा प्रसन्न व्हावा.

नागभीड टेसनावर पेटी उतरली. जंगू सिनेमावाल्याने आपली मशीन बैलबंडीत घालून आणली. पडद्यासमोर नारळ फोडला, गणपतीचे नमन झाले, गॅसबत्ती विझवली आणि पडद्यावर आला एक विलायती म्हातारा. त्याच्या शेजारी एक घोडा, आणि चहूकडे पांढरेफेक.

आम्ही देवाची वाट पाहिली. देव आला नाही. म्हातारा घोड्याला घेऊन चालत होता. बराच वेळ तो चालतच होता. (तुमची पेटी बदलली हे मला नंतर तुमच्या पोस्टकार्डावरून कळले. हा खेळ म्हणे नागपूरच्या प्राध्यापक मंडळींसाठी होता, आणि आमचा पौराणिक खेळ त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो दोनदा पाहिला असे तुम्ही लिहिता. त्यांना माझा नमस्कार सांगावा.) बोलणे कोणत्या मुलखाचे ते कळेना. पाटलाच्या इंग्रजी शिकलेल्या जावयाने कान देऊन ऐकले आणि हे इंग्रजी नाही एवढे छातीठोक सांगितले.

आता श्रावणात पोथी वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे असते हे गावाला ठाऊक आहे. डोमा पाटलाने माझ्या हातात पत्र्याचा भोंगा दिला आणि पडद्याशेजारी बसवले. म्हणाला, “लटारूभाऊ, अर्थ सांगा. पाव्हणे जांभया देऊन राह्यले.” मी देवाचे नाव घेतले आणि सांगून टाकले की मंडळी, हा सुदामा आहे, द्वारकेला निघाला आहे. योग असा की तेवढ्यात म्हाताऱ्याने पडशीतून फडक्यात बांधलेले काहीतरी खायला काढले. “पोहे! पोहे!” असा गजर झाला. मुखरूभाऊसुद्धा मांडी बदलून सावरून बसले. मला वाटले, जिंकले.

पुढे म्हातारा एका शहरात पोहोचला. तिथे उंच टोपी घातलेला एक जाडा गृहस्थ समोर आला. मी भोंग्यातून म्हटले, पाहा, श्रीकृष्ण सामोरा आला, आता मिठी मारील. श्रीकृष्णाने चिलीम पेटवली, घोड्याचे तोंड फाकवले आणि दात मोजू लागला.

झिंगूभाऊ, धरणी दुभंगावी असे वाटले. मागून आवाज आला, “लटारूभाऊ, हा कृष्ण तं ढोराचा दलाल दिसते!” सारी मंडई हसली. मी भोंगा खाली ठेवला. आणि तेव्हापासून कोणाला अर्थाची गरज पडली नाही, ही त्या रात्रीची नवलाची गोष्ट. म्हातारा घोडा विकायला आला आहे हे पोराटोरांना कळले. ज्याने आरमोरीच्या बाजारात बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हाती दिला आहे, त्याला आणखी काय समजावून सांगायचे? फक्त त्या दोघांनी तोंडाने भाव केला तेव्हा लोक नाराज झाले. “असा उघड्यावर भाव करते काय बे कोणी? रुमाल टाका, रुमाल!” असे ओरडून त्यांनी सांगितले. (आपल्याकडे रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, हे त्या मुलखात कोणी शिकवलेले दिसत नाही.) म्हाताऱ्याने पैशाकडे पाहिले, घोड्याकडे पाहिले, आणि कासरा परत घेतला. एवढेच. गाणे नाही, रडणे नाही. पोथीत असा प्रसंग आला असता तर मी त्यावर तासभर बोललो असतो, आणि तो बिघडवला असता.

मग सुरू झाली बक्षिसे. दंडारीत एखाद्याचे काम आवडले की खेळ थांबवून, नाव पुकारून बक्षीस द्यायचे ही आपली रीत. सिनेमात ती चालत नाही हे कोणाला सुचले नाही. डोमा पाटील उठला, मशीन थांबवायला लावली आणि म्हाताऱ्याला एक रुपया जाहीर केला. मग कोणी घोड्याला तणसाचा भारा, कोणी कुडवभर धान. तुमच्या बहिणीने बायकांतून ओरडून सांगितले, “त्या म्हाताऱ्याच्या तोंडातून वाफ निघून राह्यली, कोणी घोंगडं द्या त्याले!” तेव्हा आम्हाला कळले की ते पांढरे म्हणजे थंडी आहे. तोवर कोणी कापूस म्हणत होते, कोणी मीठ. जंगू दर वेळी कळवळून म्हणे, “अबे, फिलमची पट्टी जळन माही!” पण ऐकतो कोण? शेवटी स्वतः मुखरूभाऊ उठले. सर्वांना वाटले, पाहुणा चालला. ते पडद्यापाशी गेले, खांद्यावरचे नवेकोरे घोंगडे काढले आणि पडद्याखाली ठेवून म्हणाले, “घोड्यासाठी.” आणि परत येऊन बसले.

इथवर सर्व मंगल होते. पण परतीच्या वाटेवर तो घोडा बर्फात बसला, मग आडवा झाला. म्हातारा त्याच्या मानेशी टेकून बसला. दूर एक दिवा दिसत होता. आणि खेळ संपला.

संपला म्हणजे संपलाच. लोकांचा विश्वास बसेना. शेवटचा डबा जंगूने लपवला म्हणून त्याची बंडी उपसली. बंडीतून तणस निघाले, डबा निघाला नाही. मुखरूभाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “घोडा उठला का नाई?” मी म्हटले, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, “पोथीचा अध्याय तुमी अर्ध्यात सोडता काय? फलश्रुती कुठी हाय? अर्धी गोष्ट घेऊन मी आरमोरीले जात नाई, आन् अर्ध्या गोष्टीवर सोयरीकीचा शब्दई देत नाई. अपशकून हाय थो.” फलश्रुतीवाचून पोथी मिटू नये हे मीच दरवर्षी सांगत असतो.

तेव्हापासून मुखरूभाऊ आमच्या ओसरीवर आहेत. बंडी जुंपतात, सोडतात. चहा पितात. “उठला असन,” म्हणतात. थोड्या वेळाने, “कसा उठन? थकला होता थो,” म्हणतात. त्यांचे पाहून मीही विचारात पडलो आहे. जपाला बसलो की माळ हातात आणि घोडा डोळ्यांपुढे. देवाला मी इतकी वर्षे काही ना काही मागत आलो, पण परक्या मुलखातल्या घोड्यासाठी मागण्याची ही पहिलीच वेळ. मला वाटते, यात देव रागावणार नाही.

तरी तुमच्या कचेरीत कोणी जाणते असेल, त्या प्राध्यापकांपैकी कोणाला माहीत असेल, तर घोडा उठला किंवा कसे ते परतटपाली कळवावे. इंदूची सोयरीक सध्या त्या घोड्याच्या चार पायांवर आहे, आणि तो बसलेला आहे. बक्षिसांचे काय करायचे तेही लिहावे. धानाला उंदीर लागतील.

आपला,
लटारू

ता. क. घोडा उठला नसेल तर तुमचे मन तुम्हाला जे सांगेल ते लिहावे. मी खोटे बोलत नाही. पण वडीलधाऱ्यांचे पत्र जसे आले तसे पाहुण्यांना वाचून दाखवण्यात खोटेपणा आहे असे मला वाटत नाही.

ता. क. दुसरा. टपालवाला आला नाही म्हणून पत्र घरीच राहिले, आणि दरम्यान असे झाले. काल मुखरूभाऊ पुन्हा “उठला असन का?” म्हणाले तेव्हा इंदू चहा घेऊन आली होती. इतक्या दिवसांत एक अक्षर न बोललेली पोरगी कपबशी ठेवता ठेवता म्हणाली, “घोडा उठला का नाई थे मले मालूम नाई, मामाजी. पन म्हातारा उठून गेला नाई, थे तं सगळ्यायनं पाह्यलं.” मी घाबरलो. तिची माय दाराआड घाबरली. मुखरूभाऊंनी बशीतला चहा पिऊन संपवला. मग मला म्हणाले, “मामाजी म्हनली नं थे?” मी म्हटले, सासऱ्याला म्हणतात तसे म्हणाली खरी. ते म्हणाले, “मंग आता सोयरीक व्हाची काय राह्यली?” साक्षगंध मार्गशीर्षात आहे. तुम्ही सहकुटुंब यावे.

ता. क. तिसरा, आणि खरे काम हेच. घोड्याची चौकशी करू नये. केली असल्यास जे कळले ते पोटात ठेवावे, पत्रात नको आणि साक्षगंधाला आल्यावर तर मुळीच नको. मुखरूभाऊंचीही तीच ताकीद आहे. येताना मात्र अशीच एखादी पेटी आणावी, मुलूख कोणताही चालेल, गाणी नसली तरी चालतील. अर्थ कोणी सांगणार नाही. घोड्याचे म्हणाल तर तो गावात ज्याचा त्याचा आपापल्या वेळी उठतो आहे. माझा आज काकडआरतीला उठला.