कावळ्यापुढे ठरलेली अ‍ॅडमिशन

शिरूर, रविवार, १५ जून

सकाळी सहाला नळाला पाणी आले, ते भरून ठेवले. हर्षदा आणि आबा नऊच्या गाडीने कोरेगाव भीमाला वच्छलाआत्याच्या नातवाच्या बारशाला गेले. मी गेलो नाही. युनिफॉर्म धुऊन वाळत टाकला. ज्वारीचे पीठ चाळून ठेवले. दुपारी झोप येईना, म्हणून लिहायला बसलो.

ती. मच्छिंद्रदादा यांना खंडूचा नमस्कार. (पत्रावर ‘श्री’ लिहावे की वर्षश्राद्ध होईपर्यंत लिहू नये, हे आबांना विचारायचे राहिले, म्हणून नुसती तारीख घातली आहे. चूक असेल तर समजून घ्यावे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू असतील. तुमची वरची खोली अजून रिकामीच आहे का, आणि पावसात गळते का, तेही कळवावे. सहज विचारतो आहे. आमच्याकडे सगळे ठीक आहे. आबांचा खोकला आहे तसाच आहे. म्हशी बऱ्या आहेत. मीही बरा आहे.

हातात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असे तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हं’ म्हणतो. मागच्या खेपेला मी एकोणीस वेळा हं म्हणालो, असे हर्षदाने शेजारी बसून मोजले. त्यात दोन ठिकाणी मला नाही म्हणायचे होते. तुमची सगळी नोकरी रेल्वेच्या इंजिनांच्या आवाजात गेली, त्यामुळे तुम्ही बोलू लागलात की मध्ये शिरायला जागा मिळत नाही. रागावू नये. करुणाही असेच म्हणायची, आणि ती तर तुमची सख्खी बहीण.

विषय हर्षदाच्या अ‍ॅडमिशनचा आहे. म्हणजे तुम्ही कावळ्याला दिलेल्या वचनाचा. त्या दिवशी मी काही बोललो नव्हतो, म्हणून माझ्या बाजूने काय झाले ते लिहितो. करुणाच्या दहाव्याला आपण घोडनदीच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळे शेडच्या पत्र्यावर जाऊन बसले. अकरा होते. (कंपनीत स्टोअर सांभाळून सांभाळून मोजायची सवय लागली आहे, कुठेही असलो तरी मोजले जाते.) पाऊण तास एकही खाली आला नाही. मग तिची कोणती इच्छा राहिली याचा सगळ्यांनी मिळून शोध सुरू केला. वच्छलाआत्या म्हणाली, तिला चहा लागायचा. चहा ठेवला. कुणीतरी म्हणाले, पान ठेवा. करुणाने जन्मात पान खाल्ले नव्हते, तरी ठेवले. आबांनी पुढे होऊन म्हशी विकणार नाही असे सांगितले, पण त्याचाही काही परिणाम दिसला नाही. प्रवचनाच्या बुवांना पुढे रांजणगावला दुसरा दहावा होता, ते घड्याळाकडे बघायला लागले. तेव्हा तुम्ही त्यांच्या हातातला माईक घेतला आणि म्हणालात, “करुणे, तुझ्या हर्षदाला पुण्याच्या मोठ्यात मोठ्या कालेजात घालून एमबीए करीन. ह्यो मच्छिंद्र बोलतोय.” आणि कावळा आला.

माईक चालू होता, कारण श्रद्धांजलीची भाषणे अजून व्हायची होती. तुमचा आवाज आणि घाटावरचे कर्णे मिळून हे वचन बाजारपेठेपर्यंत गेले. तेव्हापासून मला कुणी कसा आहेस असे विचारत नाही, एमबीए कुठवर आले असे विचारतात. कंपनीच्या बसमध्ये विक्रम म्हणून एक ऑपरेटर माझ्या मागच्या सीटवर बसतो. तो रोज सकाळी खांद्यावर हात ठेवून विचारतो, “काय स्टोअरवालं, एमबीएचा स्लॅब पडला का न्हाई?” त्याचा हेतू वाईट नसतो. पण रांजणगावपर्यंत बस भरलेली असते आणि सगळे उत्तर ऐकायला थांबतात.

आता खरी स्थिती सांगतो. हर्षदा बारावी झाली आहे ती एम.सी.व्ही.सी.ला. म्हणजे सायन्स नाही, कॉमर्स नाही, आर्ट्सही नाही. व्यवसाय अभ्यासक्रम, त्यात मार्केटिंग आणि सेल्समनशिप. ते करुणानेच निवडले होते. पोरीला बोलता येते तर तिला त्याचेच शिकू द्या, असे तिचे म्हणणे होते. तिचे काही चुकले नाही. मागच्या उन्हाळ्यात कॉलेजने हर्षदाला प्रशिक्षणासाठी एका कूलर-मिक्सरच्या दुकानात पाठवले होते. तिथे आबा नातीला डबा द्यायला गेले आणि कूलर घेऊन परत आले. आपण दुकानदाराला पिरगाळून भाव पाडला, असे आबा अजून सगळ्यांना सांगतात. दुकानदार त्या दिवशी दुकानात नव्हता.

पण एकूण मार्क एकसष्ट टक्के. प्रॅक्टिकलला भरपूर, लेखीला बेताचे. पेपर चालू होते तेव्हा ती सकाळी परीक्षा आणि दुपारी दवाखाना असे करत होती, हे तुम्ही बघितलेच आहे. शिवाय एमबीए बारावीनंतर नसते, आधी पदवी लागते. हे मला घाटावरही माहीत होते, पण कावळा पिंडावर बसलेला असताना ते सांगणे बरे दिसले नसते.

तरी तुमच्या शब्दाचा मान म्हणून आम्ही पुण्याला जाऊन आलो. मी, हर्षदा आणि फेटा बांधून आबा. शहराच्या बाहेर डोंगराला लागून एक मोठे खासगी विद्यापीठ आहे, सगळे काचेचे. आत एवढे गार होते की आबांनी फेटा सोडून अंगावर घेतला. एका बाईंनी आम्हाला कॉफी दिली आणि कॉम्प्युटरवर हर्षदाची माहिती भरायला घेतली. स्ट्रीम विचारली. हर्षदाने व्होकेशनल सांगितले. त्यांनी यादी वर नेली, खाली नेली, पुन्हा वर नेली. त्यात तीनच नावे होती आणि शेवटी ‘इतर’. मग त्यांनी ‘इतर’वर बोट ठेवले. दादा, आमच्या स्टोअरमध्ये ज्या मालाला कोड नसतो तो ‘इतर’च्या रॅकमध्ये जातो. माल चांगला असतो. पण एकदा तिथे गेला की मागायला कुणी येत नाही.

पुढे त्या बाई म्हणाल्या की आज बुकिंग केले तर सवलत आहे आणि दोनच सीट राहिल्या आहेत. हर्षदाने मला कोपराने खुणावले आणि हळूच सांगितले की कूलरच्या दुकानात ती पण असेच करायची, गोडाऊनला तीस असले तरी शेवटचे दोन पीस म्हणायचे, हे पुस्तकात आहे. मग तिने बाईंना शांतपणे पाच-सहा प्रश्न विचारले. मागच्या वर्षी व्होकेशनलची किती मुले घेतली, त्यातली दुसऱ्या वर्षाला किती गेली, नोकरी लागली ती कुठे. बाईंची कॉफी गार झाली. शेवटी त्या म्हणाल्या की तू आमच्याकडे याच टेबलवर कामाला ये, चांगले करशील, मात्र पदवी झाल्यावर ये. आबा फीचा कागद डोळ्यांजवळ धरून बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, “बाई, ह्याच्यात पोरीचं लगीन धरलंय का?” आम्ही उठलो.

परत येताना बसमध्ये हर्षदा खिडकीशी बसली होती. सणसवाडी गेल्यावर म्हणाली, “पप्पा, मला शिकायचं हाय. पर कुठं शिकायचं ते कावळ्यानं का ठरवायचं?” मी हं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्या कॉलेजच्या सविता मॅडमना एकटाच भेटलो. मॅडम समजूतदार आहेत. त्या म्हणाल्या की सगळ्यात मोठे कॉलेज कोणते हे विचारू नका, ही मुलगी कुठे टिकेल ते विचारा. मग त्यांनी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. पहिली, पुण्यातली नावाजलेली कॉलेजे: बीबीएची प्रवेशपरीक्षा एप्रिल-मेमध्ये होऊन गेली (तेव्हा आपण घाटावर होतो), आणि साध्या बी.कॉम.ला एकसष्ट टक्क्यांवर नंबर लागणार नाही. ती त्यांनी लिहून लगेच खोडली. दुसरी, शिरूरलाच बी.कॉम. कॉमर्सच्या मुलांनी अकाऊंट्स दोन वर्षे केलेले असते, हिने केलेले नाही, त्यामुळे पहिले वर्ष जड जाईल, विषय राहू शकतात. पण प्रवेश नक्की मिळेल. तिसरीही एक ओळ होती, ती विशेष नाही.

मी विचार करून शिरूरचे बी.कॉम. ठरवले आहे. कॉलेज घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. ते सकाळचे असते. हर्षदा पहाटे माझा डबा करून जाईल आणि बारापर्यंत घरी येईल, म्हणजे आबांना गरम भाकरी मिळेल. संध्याकाळी धारा काढायला ती असेल. मी शिफ्टवरून येईन तेव्हा घरात दिवा लागलेला असेल. विषय राहिले तर राहिले, परीक्षा पुन्हा देता येते. सगळ्या बाजूंनी मला हे योग्य वाटते.

आता अडचण तुमच्या वचनाची. लोक म्हणणार, कावळ्याला एक सांगितले आणि केले दुसरेच. आबा तर म्हणतात की ज्याने शब्द दिला त्यानेच तो सोडवला पाहिजे. म्हणून विनंती अशी की तुम्ही येत्या अमावस्येला शिरूरला यावे, आपण दोघे घाटावर जाऊ, त्याच जागी भाताचा घास ठेवू आणि तुम्ही वचन मागे घ्यावे. माईकची गरज नाही. तुमच्या नुसत्या आवाजाने भागेल.

वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहिणार होतो, पण तुमच्या घरात आता लहान कुणी राहिले नाही. मुले सुरतेला गेल्यापासून घर मोठे वाटत असेल.

तुमचा,
खंडू

ता. क. हे पत्र पोस्टाने टाकत नाही, वेळ कमी आहे. शेजारचा भिमाजी उद्या सकाळी तुमच्या दौंडला येतो आहे, त्याच्याकडे देतो. पाकीट फोडू नको असे त्याला बजावले आहे, म्हणजे तो वाटेत न्हावरा गाव यायच्या आत फोडेल.

तिसऱ्या ओळीबद्दल सांगायचे राहिले. ती दौंडची आहे. तिथल्या कॉलेजात बी.व्होक. आहे, रिटेल मॅनेजमेंटचे. व्होकेशनलच्या मुलांना तिथे ‘इतर’मध्ये टाकत नाहीत, आधी घेतात. आठवड्यातले तीन दिवस वर्ग आणि दोन दिवस दुकानात किंवा कंपनीत काम. निम्मे मार्क कामाचे. तीही पदवीच असते, आणि पुढे एमबीएची परीक्षा द्यायची तर त्यावर देता येते. सविता मॅडमनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे आणि म्हणाल्या आहेत की हर्षदा इथे पहिली येईल. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. शिरूरहून रोज जाणे-येणे होण्यासारखे नाही, राहावे लागेल. हर्षदाला मी हा कागद दाखवलेला नाही. तो सहा दिवस माझ्या युनिफॉर्मच्या खिशात होता आणि आज धुण्यात गेला. शाई फुटली आहे, पण दौंड एवढे वाचता येते.

आणखी ता. क. (भिमाजी, इथपर्यंत वाचले असशील तर आता पुरे कर.)

दादा, शेवटच्या सोमवारी दवाखान्यात करुणा मला म्हणाली होती, “माझ्या जागी हर्षीला हुभी करू नगा.” मी हं म्हणालो होतो. घाटावर पाऊण तास तुम्ही सगळे तिची इच्छा शोधत होता आणि मला ती माहीत होती. बोललो असतो तर पोरीला पाठवावे लागले असते, म्हणून बोललो नाही. चहा ठेवू दिला, पान ठेवू दिले. तुम्ही माईक हातात घेतलात, त्याच वेळी मी मनात म्हणालो, बरं, जाऊ देतो. आणि तो आला. तुमच्या बोलण्याने आला की माझ्या, हे कुणालाच सांगता यायचे नाही. तुमच्या वचनाने आला असेल तर ते अमावस्येला मागे घेता येईल. माझ्या वचनाने आला असेल तर शुक्रवारपर्यंतच वेळ आहे.

तेव्हा घाटावर येऊ नका. मंगळवारी मी सेकंड शिफ्टला असेन, तेव्हा घरी हर्षदाला फोन करा. वहिनींना सोबत हवी आहे असे सांगू नका, नाहीतर ती तिथेही पहाटे उठून भाकरीला बसेल. मामा दिलेला शब्द पाळतो आहे, आधी दौंड आणि एमबीए त्यानंतर, असे सांगा. माझे नाव घेऊ नका. ती विचारेल की पप्पांचं आणि आबांचं कसं होणार. तेव्हा तुम्ही बोलतच राहा, थांबू नका. ते तुम्हाला जमते.

वरच्या खोलीचे पुन्हा विचारतो. गळत असेल तर पत्र्याला लावायचा डांबराचा डबा भिमाजीबरोबर देतो आहे.

चार वाजले. ते दोघे सातपर्यंत येतील. पत्र लिहिता लिहिता मध्ये उठून मी चूल पेटवली. पहिली भाकरी परातीतून उचलताना तुटली. ती भिंतीवर ठेवली, पण कावळा आला नाही, कुत्र्याने नेली. दुसरी गोल नाही, एका अंगाने जाड आहे, पण फुगली. ती गार व्हायच्या आत खाऊन घेतो.