बॅटरीची तार उपसायची खोड

प्रिय लंबू,

मेल्या, चालू इंजिनात बॅटरीची तार उपसायची तुझी खोड अजून गेली नाही होय रे? आणि वर ती बायकोलाही शिकवून ठेवलीस! बघ, इतक्या वर्षांनी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत मेल्या म्हणून मोकळी झाले. तू अंथरुणाला खिळलायस, डॉक्टरांनी हात टेकलेत, हे ठाऊक असून. पण खोडत नाही. माझ्या जिभेला हाड कधी नव्हतंच. आता गोड बोलायला लागले तर हे पत्र माझं आहे हे तुला पटायचंसुद्धा नाही. तुझी बायको म्हणाली की तू डोळे उघडत नाहीस, पण कानावर पडलेलं तुला कळतं. तीच हे वाचून दाखवते आहे. तेव्हा नीट ऐक.

परवा सकाळी गॅरेजचं शटर वर केलं तर दारात एक जुना ट्रक. तुझा आहे हे मला कुठलं ठाऊक! रंग उडालेला, हॉर्न सर्दी झाल्यासारखा, आणि स्टिअरिंगमागे ही एवढीशी बाई, पाठीला उशी लावून. खाली उतरली आणि गाऱ्हाणं सुरू. ताई, दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या, तरी सकाळी धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतात. गाडी नुसती उभी असली की हेडलाइट मरगळतात, रेस दिली की उजळतात. मी म्हटलं, बाई, हे म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. बॅटरी बिचारी काय करील? तिला भरणारा अल्टरनेटरच कामचुकार झालाय.

अल्टरनेटरला ती जुन्या सवयीने डायनामोच म्हणते. तर ती ठामपणे म्हणाली, डायनामो ठणठणीत आहे, मी रोज तपासते. कशी तपासतेस म्हणून विचारलं. तिने इंजिन चालू ठेवलं, पाना घेतला, डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवला आणि उजव्या हाताने बॅटरीची तार खसकन उपसली. मग हेडलाइटकडे बोट दाखवलं. दिवा विझला नाही, म्हणजे डायनामो शाबूत.

अगं बाई गं! मी तिथेच टायरवर बसले. तार उपसणारे जुने लोक पुष्कळ पाहिले, पण तो डावा हात कमरेवर? ते फक्त माझ्या बाबांचं. शॉक लागला तर एकाच हाताला लागावा म्हणून. आणि ह्याच गॅरेजात बाबांच्या हाताखाली फुकटची हमाली करत ते उचलणारा माणूस एकच होता. मी तिला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणाली, आमच्या ह्यांनी. आणि गाडी अडली तर ह्याच गॅरेजला जा, असंही बजावून ठेवलंय. मी कोण हे तिला घरून निघतानाच माहीत होतं. कळत नव्हतं ते मलाच.

मग आम्ही दोघी कामाला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचेना. बेल्ट ढिला होता, तो ताणला. मीटर लावला, काटा जागचा हलेना. चावी फिरवून अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. आत वीज पोचत असेल तर तिथे लोखंड लोहचुंबकासारखं ओढलं जातं. आठवतं ना? पहिल्यांदा ते पाहिलंस तेव्हा तू लहान पोरासारखा खुळावला होतास, चारचारदा टेकवून पाहत होतास. परवा काहीच ओढ नव्हती. उतरवून उघडला तर आत वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजून नखाएवढे उरलेले. कधी टेकायचे, कधी नाही. तिने तार उपसली तेव्हा टेकलेले होते, म्हणून दिवा जळत राहिला; आणि म्हणूनच गाडी एक दिवस चालायची आणि दुसऱ्या दिवशी रुसायची.

कार्बन बदलताना तुझ्या ट्रकचा तो इंडिकेटर आठवला. जगात कुणाचा इंडिकेटर आठवड्याला बिघडतो का रे? तार तूच सैल करायचास आणि भोळा चेहरा करून दारात उभा राहायचास. बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि मला म्हणायचे, जा, तुझं गिऱ्हाईक आलंय. मी मुद्दाम वेळ लावायचे. स्क्रू पाडायचे आणि तू ट्रकखाली शिरून तो शोधायचास. किती साधं सुख होतं, आणि आपण दोघेही किती भित्रे! एक शब्द कुणी बोलेल तर शपथ.

नवे कार्बन घातले, काटा उठला, पण अर्ध्यावर येऊन थांबला. तेव्हा खरं दुखणं सापडलं. आतल्या दोन डायोडांचा कोळसा झालेला. डायोड म्हणजे दरवान, विजेला एकाच दिशेने सोडणारे. ते जळले की गाडी उभी असताना बॅटरीतलं सगळं उलट वाहून जातं. आणि ते जळले कशाने? त्या तार उपसण्याने. बाबांच्या काळच्या डायनामोला ते सोसायचं, अल्टरनेटरला नाही सोसत. रोज काळजीने तपासून तपासून ह्या बाईनेच तो मारला. मी रागावले तर म्हणाली, ह्यांनी शिकवलेलं चुकीचं असेल असं मला वाटलंच नाही.

डायोडची प्लेट दुसऱ्या दुकानातून यायची होती. आम्ही चहा घेऊन बाकावर बसलो. तिथे तिने सांगितलं. तू मला न सांगता निघून गेला नव्हतास. त्या शेवटच्या खेपेला तू बाबांकडे माझी मागणी घालायला आला होतास. आणि बाबांनी तुझ्यापुढे हात जोडून म्हटलं, माझ्या डोळ्यांना आता बारीक तार दिसत नाही, पोरगी गेली तर गॅरेजला कुलूप, आणि तिला ह्यातलं काही कळू देऊ नकोस. तू मान डोलावलीस आणि गेलास. मला बाबा काय म्हणाले माहितेय? ड्रायव्हर माणूस, आज इथे उद्या तिथे, त्याचं काय मनावर घ्यायचं.

लंबू, मी उभं आयुष्य तुला शिव्या घातल्या रे. लांबून एखादा उंच माणूस दिसला तरी तोंड फिरवायचे. स्थळं आली, ती हसण्यावारी नेली. आता कुणाशी भांडू? बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि शेवटी शेवटी त्यांना मीच घास भरवत होते. तू असा पडलेला. आणि ही तुझी बायको, जिने तुझं सगळं केलं, तिच्याशी भांडायला मला लाज वाटते. रडू मात्र आलं. ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं, तर तिने पदराने ते पुसून दिलं.

प्लेट आली, बसवली. अंगठ्याने दाबून बेल्टचा ताण पाहिला, इंजिन चालू केलं. काटा सरसर वर गेला आणि रेस कमीजास्त केली तरी हलला नाही. तिला बजावून सांगितलं, पुन्हा तार उपसलीस तर बघ. तिने कान पकडले. गाडी चांगली हाकते हं ती. वळण घेताना तुझ्यासारखी घाई करत नाही.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. निघताना ती केबिनच्या पायरीवर थांबली. म्हणाली, ताई, अन्न कधीचं सुटलं, पाणी ओठ ओले करण्यापुरतं, तरी जीव जात नाही ह्यांचा. हाल बघवत नाहीत. बोलता येत होतं तेव्हा एकदा म्हणाले होते, ती मला पळपुटा समजत असेल. तेवढ्यातच अडकलाय जीव, मला कळतंय. तुम्ही याल का? मी नाही म्हटलं. तुला तसं बघायची ताकद नाही माझ्यात. मग ती म्हणाली, निदान लिहून द्या. तर ऐक, लंबू. तू पळपुटा नव्हतास. मला सगळं कळलंय. माझा तुझ्यावर राग नाही, आणि प्रेम होतं ते आहे तिथेच आहे. आता कुणासाठी थांबू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नको. जा रे. आणि तू गं, वाचणारे, हे गाळू नकोस. वाचून झालं की कागद बाजूला ठेव आणि त्याचा हात हातात घे. माझ्या वाटचाही तूच धर.

तुझीच,
ठिणगी